दसरा ते दिवाळी: तालुक्याच्या गावातला कला महोत्सव कधी घ्यावा आणि मंच कुणाला द्यावा?

गोदाकाठ

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नवरात्रात सर्व मंडळे मिळून एक सांस्कृतिक महोत्सव घेतात. वर्गणी बाजारपेठ, पतसंस्था आणि नोकरदार मंडळींकडून जमते. तिचा मोठा हिस्सा बाहेरून येणाऱ्या ऑर्केस्ट्रावर आणि दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या परिचित चेहऱ्यावर खर्च होतो. गावातले देवीची गाणी म्हणणारे आराधी, गोंधळी, भारूड करणारी भजनी मंडळे आणि हौशी नाट्यसंघ यांना मात्र खुर्च्या मांडल्या जात असताना वेळ मिळतो. प्रेक्षक येऊन बसेपर्यंत त्यांचे सादरीकरण संपलेले असते.

यंदा मी कार्यकारिणीत आहे, म्हणून या धाग्यावरच्या जाणकारांना विचारतो. महोत्सव नवरात्रातच ठेवावा, की कोजागिरी ते वसुबारस या मधल्या दिवसांत न्यावा? आणि मुख्य वेळ स्थानिक कलावंतांना द्यायची असेल, तर ते नीट कसे साधावे? माझे स्वतःचे मत दोन्ही बाबतींत बदलाच्या बाजूने आहे. मात्र दोन्ही गोष्टींचा खर्च, गर्दी आणि परवानग्या यांच्याशी संबंध आहे. त्यामुळे ज्यांनी असे कार्यक्रम प्रत्यक्ष उभे केले आहेत, त्यांनी लिहावे ही विनंती.

काळी माती

तारीख ठरवताना पंचांगाबरोबर शेतही पाहा. आपल्याकडे जून अखेरीस पेरलेले सोयाबीन लवकर येणारे असेल तर 95 ते 100 दिवसांत काढणीला येते, म्हणजे ऐन ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला होता. त्या आधी सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी या सगळ्याच नद्यांनी शिवार धुऊन नेले होते आणि जे उरले ते काढण्याची घाई होती. अशा वेळी संध्याकाळी सात वाजता मांडवात येऊन बसायला शेतकऱ्याला सवड कुठून मिळणार? दिवसभर मळणी यंत्रामागे उभा राहिलेला माणूस रात्री राशीच्या राखणीला जातो, कारण ताडपत्री टाकून ठेवलेल्या ढिगावर परतीचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो.

यंदाची स्थिती वेगळी आहे. ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला जातो, तोवर बहुतेक सोयाबीन घरात किंवा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गेलेले असेल. म्हणून कोजागिरीनंतरचे दिवस यंदा उत्तम आहेत, पण दरवर्षी तसेच असतील असे समजून महोत्सवाच्या घटनेत कायमची तिथी लिहून टाकू नका.

बाजारपेठ

माझे कापडाचे दुकान आहे आणि वर्गणीतला मोठा वाटा आमच्या ओळीतून जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. नवरात्रात गावात आसपासच्या खेड्यांतून लोक येतात, देवीचे दर्शन घेतात आणि रात्री कार्यक्रम पाहतात. चहाच्या टपरीपासून फुगेवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या नऊ दिवसांत चार पैसे मिळतात. ऑर्केस्ट्राला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्याला येणारी तरुण मुले भारुडाला येतील का, याचे उत्तर आधी द्यावे. गर्दी नसेल तर व्यापारी दुसऱ्या वर्षी पावती फाडायला कचरतील, हे मी अनुभवाने सांगतो.

संबळ

मी गोंधळ्याच्या घरातला आहे. वडील आणि काका आजही लग्नानंतरच्या गोंधळाला जातात आणि मी नोकरी सांभाळून त्यांच्यासोबत तुणतुणे धरतो. बाजारपेठ दादांचा मुद्दा मला मान्य नाही, पण रागही येत नाही, कारण आमची कला लोकांना नीट ऐकू येईल अशी मांडलीच जात नाही.

एका मोठ्या कार्यक्रमात आम्हाला बोलावले होते. गाव आणि मंडळ सांगत नाही. संध्याकाळी पाऊस भुरभुरला होता आणि हवेत ओल होती. संबळाचे कातडे ओलसर हवेत उतरते, ते विस्तवावर शेकून चढवावे लागते. आम्ही मंचामागे पेटवलेला जाळ स्वयंसेवकांनी विझवायला लावला. कारण योग्य होते, मांडवाचे कापड जवळ होते. पण दुसरी जागा कुणी दाखवली नाही. उतरलेल्या संबळावर वडिलांनी देवीला आवाहन केले, तेव्हा त्यांचे निम्मे लक्ष कातड्याकडे होते. मग निवेदकाने कानाशी येऊन सांगितले की पाहुणे आले आहेत, पाच मिनिटांत आटपा. गोंधळात आधी चौक, मग दिवटी, मग गावोगावच्या देवांना गोंधळाला येण्याचे आवतण आणि त्यानंतर आख्यान असा क्रम असतो. पाच मिनिटांत आवतणसुद्धा पूर्ण होत नाही.

मानधनाचा अर्धा भाग आम्हाला पुढच्या वर्षीच्या नवरात्रात मिळाला. ऑर्केस्ट्रावाले मंचावर चढण्याआधी पूर्ण पैसे घेतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आम्हालाही तसेच द्यावे, एवढेच मागणे आहे.

मंडप आणि माईक

संबळ दादा, तुमचे लिखाण वाचून ध्वनिव्यवस्थेबद्दल लिहावेसे वाटले, कारण हा माझा धंदाच आहे. ऑर्केस्ट्रासाठी लावलेली यंत्रणा लोककलेला तशीच वापरली, तर तुणतुणे कधीच ऐकू येत नाही. गायकाच्या हातात एक माईक दिला की तोंडाजवळचा आवाज मोठा होतो आणि मागे सूर धरणारे झीलकरी नाहीसे होतात. संबळाच्या दोन्ही तोंडांना खालून दोन छोटे माईक आणि तुणतुण्याजवळ एक वेगळा माईक हवा. झीलकऱ्यांना एक उभा माईक मध्ये पुरतो. आराधी मंडळींना कपड्याला लावायचा माईक देऊ नका. गळ्यातल्या कवड्यांच्या माळा त्यावर आपटतात आणि सगळ्या मांडवात नुसता खडखडाट ऐकू येतो. कवड्यांच्या वर, कानामागून गालावर येणारा माईक चालतो.

मुख्य म्हणजे दुपारी चार वाजता कलावंतांना बोलावून अर्धा तास आवाज तपासू द्या. ऑर्केस्ट्राला दोन तास देता, यांना अर्धा तास द्यायला काहीच हरकत नसावी. विस्तवासाठी मांडवापासून लांब पत्र्याची शेगडी आणि शेजारी वाळूच्या बादल्या ठेवता येतात.

हिंगोलीची लेक

माझे माहेर हिंगोलीकडे, विदर्भाच्या सीमेजवळ. तिथे आम्ही लहानपणी महिनाभर भुलाबाई बसवत असू आणि कोजागिरीला तिची बोळवण होत असे. सासरी लातूर जिल्ह्यात आल्यावर तो प्रकार दिसला नाही, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलींना मी गाणी शिकवली. खिरापत ओळखण्याचा खेळ त्यांना इतका आवडला की आता घराघरांतून डबे झाकून येतात आणि वासावरून ओळखू नये म्हणून वर लिंबाची फोड ठेवण्यापर्यंत युक्त्या चालतात.

महोत्सवात बायकांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर रांगोळी आणि पाककृती स्पर्धेपुरतेच असते. ओव्या, भुलाबाईची गाणी, आराधी बायकांची देवीची गाणी ही सगळी बायकांनीच सांभाळली आहेत, त्यांना मुख्य मंचावर जागा द्या. त्यासोबत दोन साध्या गोष्टी करा. मांडवाजवळ स्त्रियांसाठी स्वच्छ आणि उजेडातले स्वच्छतागृह असू द्या आणि कार्यक्रम अशा वेळी संपवा की खेड्यावरच्या बायकांना परतीची एसटी मिळेल. या दोन गोष्टी नसल्या की बायका येत नाहीत आणि मग आयोजक म्हणतात की बायकांना आवड नाही.

निवृत्त गुरुजी

गोदाकाठ यांनी उपस्थित केलेल्या तारखेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्या भागातले आराधी आणि देवीचे भक्त नवरात्रात स्वतःच्या घटात आणि व्रतात असतात, आणि दसरा झाल्यावर त्यांतले अनेक जण अश्विन पौर्णिमेसाठी तुळजापूरची पायी वाट धरतात. तुळजाभवानीची मूर्ती सीमोल्लंघनानंतर पलंगावर श्रमनिद्रेत असते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनासाठी धाराशिव, सोलापूर, लातूर आणि कर्नाटकातूनही माणसांच्या रांगा रस्त्याने चालत असतात. ज्यांना तुम्ही मंचावर मानाने बसवू पाहता, ते कोजागिरी होईपर्यंत मोकळेच नसतात. नवरात्रात महोत्सव घेतला तर खरे आराधी आपापल्या घटापाशी राहतील आणि मंचावर त्यांचा वेष केलेली दुसरीच माणसे येतील.

माझे मन मात्र एका ठिकाणी अडखळते. जोगवा मागणे, पोत नाचवणे, परडी भरणे हा त्या माणसांचा आचार आहे. तो टाळ्यांसाठी मंचावर करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

संबळ

गुरुजी, तुमची शंका रास्त आहे आणि आमच्या घरातही यावर बोलणे झाले आहे. वडिलांचे म्हणणे असे की विधी हा नवस करणाऱ्याच्या घरी, गाणे मात्र कुठेही. मंचावर आम्ही चौक भरत नाही आणि दिवटीला तेल घालण्याचा मान कुणा पाहुण्याला देत नाही. आवाहन, पदे आणि आख्यान मात्र पूर्ण मनाने करतो. आख्यानाला पाऊण तास मिळाला तर लोक हलत नाहीत, हे खेड्यांत रोज दिसते. आयोजकांनी कलावंतांनाच विचारावे की काय मंचावर आणायचे आणि काय नाही.

दखनी

चर्चा चांगली चालली आहे. मराठवाड्याचा विषय निघाला की माझ्या मनात मुशायराही येतो. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांची नावे औरंगाबादच्या मातीशी जोडलेली आहेत, आणि आमच्या तालुक्याच्या गावातही जुन्या पिढीत उर्दूत शेर लिहिणारे शिक्षक, शिंपी आणि घड्याळ दुरुस्त करणारे होते. आजही काही आहेत. एका संध्याकाळी मराठी कवी आणि उर्दू शायर एकत्र बसवून पाहा. आमच्याकडे असे केले, तेव्हा प्रत्येक उर्दू शेरानंतर सूत्रसंचालकाने त्याचा आशय दोन वाक्यांत मराठीत सांगितला. त्यामुळे समोरच्या ओळीतल्या आजीही दाद देत होत्या. अशा कार्यक्रमाला खर्च फार कमी येतो. चांगला सूत्रसंचालक, बसण्यासाठी गाद्या आणि मोजकेच कवी एवढे असले की झाले. यादी वीसच्या पुढे गेली की शेवटच्या कवीला रिकाम्या खुर्च्या मिळतात.

तांडा

आमच्या बाजूनेही विचार व्हावा. काळी माती यांनी सोयाबीनचे सांगितले, मी उसाचे सांगतो. दसरा झाला की ऊसतोड मुकादमांच्या गाड्या आमच्या बंजारा तांड्यावर यायला लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. महोत्सव दिवाळीनंतर ढकलला, तर बीड आणि परभणीकडच्या तांड्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेची मुलेच उरतील. बंजारा बायकांची गाणी, दिवाळीच्या अमावस्येला मुली दिवे घेऊन घरोघर मेरा मागतात त्या वेळची गाणी, हे सगळे ऐकायचे असेल, तर टोळ्या जाण्याआधीच बोलावले पाहिजे. म्हणून कोजागिरी ते वसुबारस याला माझा पाठिंबा आहे. कार्तिकात नेऊ नका.

युवा रंगकर्मी

बाजारपेठ काकांनी विचारले की तरुण येतील का. माझ्या मते तरुणांना प्रेक्षक म्हणून बोलावण्यापेक्षा आधी मंचावर आणावे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या दोन्हींचे युवक महोत्सव होतात. तालुक्यातल्या महाविद्यालयांची मुले त्यासाठी महिनाभर रात्री जागून एकांकिका, भारूड, पोवाडा आणि लोकनृत्य बसवतात. विद्यापीठाच्या मंचावर एकदा सादर झाले की ते कपाटात जाते आणि गावातल्या आईवडिलांना आपल्या मुलाने काय केले ते दिसतच नाही. हे सगळे तयार काम आहे. त्याला पुन्हा खर्च नाही, आणि मंचावर वीस मुले असली की त्यांचे दोनशे मित्र खाली असतातच.

नाटकाचेही तसेच आहे. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर होते, त्यामुळे या काळात संघांच्या तालमी जोरात असतात. स्पर्धेआधी गावच्या प्रेक्षकांसमोर एक प्रयोग झाला, तर संघाला आपले कच्चे दुवे कळतात. परभणी किंवा नांदेडच्या केंद्रावर थेट जाऊन उभे राहण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, पण स्पर्धेच्या संघांनी ते बहुधा घेतलेलेच असते. ज्यांनी घेतलेले नाही, त्यांना आजच अर्ज करायला सांगा.

बाजारपेठ

युवा रंगकर्मी, हा मुद्दा मला पटला. आमच्या गल्लीतली मुले महाविद्यालयाच्या पोवाड्यात आहेत आणि त्यांच्या तालमीला आमच्या दुकानाची मागची खोली गेली दोन वर्षे दिलेली आहे. ती मुले मंचावर असतील, तर पूर्ण ओळ कार्यक्रमाला येईल. माझी एकच अट आहे. ज्या दिवशी मोंढा बंद असतो किंवा अर्धा दिवस असतो, त्या दिवसाला धरून तारीख ठरवा, म्हणजे हमाल, मापाडी आणि अडतीवरची माणसेही येऊ शकतील.

नियमावली

मी नगरपरिषदेच्या कामाशी संबंधित होतो, म्हणून कागदांविषयी लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा रात्री 12 पर्यंत शिथिल करता येते आणि ते दिवस सणांना धरून जाहीर होतात. नवरात्रातल्या काही रात्रींना ही सवलत मिळते. कोजागिरीनंतरच्या दिवसांना ती मिळेल असे धरून चालू नका. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादाही लक्षात ठेवा. तारीख बदलण्याची किंमत म्हणून हे मान्य करावे लागेल.

वर्गणीसाठी मंडळ नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या आणि हिशेब वेळेत सादर करा. मैदान, पोलीस, अग्निशमन आणि वीज जोडणी यांचे अर्ज किमान महिनाभर आधी द्या. आकडा टाकून घेतलेली वीज आणि पावसाळी हवा यांतून जीव गेलेले आहेत, तेव्हा तात्पुरते मीटर घ्याच.

काळी माती

दहाची मर्यादा ही आम्हा शेतकऱ्यांसाठी सोयीचीच आहे. ऑक्टोबर अखेरीस आपल्याकडे सहाच्या आत दिवस मावळतो. साडेसहाला पहिली घंटा झाली तर साडेतीन तास मिळतात. अडचण घड्याळाची नाही, सत्कारांची आहे. आमच्या शेजारच्या गावात शाल आणि श्रीफळ देण्यातच दीड तास गेला आणि भारूड करणारे म्हातारे बाबा डोक्याला फेटा बांधून मंचाच्या पायरीवर ताटकळत बसले होते. एकनाथांचे भारूड करायला आलेल्या माणसाला असे बसवू नये. ज्यांचा सत्कार करायचा, त्यांचा करा, पण तो शेवटी आणि सगळ्यांचा एकत्र करा.

हिंगोलीची लेक

काळी माती दादांच्या या म्हणण्याला माझे पूर्ण अनुमोदन. पहिल्या दोन रांगाही पाहुण्यांसाठी रिकाम्या ठेवू नयेत. लहान मुले आणि म्हातारी माणसे पुढे बसली की कलावंतालाही समोर चेहरे दिसतात.

दखनी

ज्यांना मोठ्या महोत्सवाचा नमुना पाहायचा असेल, त्यांनी अंबाजोगाईला 25 नोव्हेंबरच्या सुमारास होणारा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह जाऊन पाहावा. त्यात शेतकऱ्यांचा कार्यक्रम, कविसंमेलन आणि शास्त्रीय संगीत एकाच मांडवात होते. तालुक्याच्या गावात इतकी वर्षे शास्त्रीय गाणे ऐकायला माणसे जमतात, तेव्हा आपल्या लोकांना अमुक कळत नाही हे म्हणणे मला पटत नाही.

मंडप आणि माईक

एक सूचना राहिली. परतीचा पाऊस ऑक्टोबर अखेरीसही गाठू शकतो. मंचावर तरी पत्र्याचे किंवा पक्के आच्छादन घ्या, कापडी छत पाणी धरते आणि मध्यभागी फुगून कोसळते. जवळच्या शाळेचे किंवा मंगल कार्यालयाचे सभागृह पर्याय म्हणून आधीच लिहून घ्या आणि ते निमंत्रणपत्रिकेवर छापा, म्हणजे ऐन वेळी फोनाफोनी होत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली आणि हा धागा मी तिथे वाचून दाखवला. तारीख शनिवार-रविवार, 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर अशी ठरली आहे. म्हणजे कोजागिरी होऊन गेलेली असेल आणि वसुबारस अजून यायची असेल. दरवर्षी पेरणी झाल्यावर जुलैमध्ये बसून त्या वर्षीची तारीख ठरवायची, हेही मान्य झाले. नऊ रात्रींऐवजी दोनच रात्री असल्याने मांडवाचा आणि जनरेटरचा खर्च पुष्कळ उतरतो आणि तो पैसा मानधनाकडे वळवता येतो.

पहिल्या रात्री महाविद्यालयाचा पोवाडा, बायकांची गाणी, तांड्यावरच्या भगिनींचे सादरीकरण आणि शेवटी पाऊण तास गोंधळ असा क्रम आहे. दुसऱ्या रात्री मराठी-उर्दू कविता, भारूड आणि एकांकिका. मानधन सादरीकरणाच्या दिवशी दुपारी, आवाज तपासताना द्यायचे ठरले आहे. ऑर्केस्ट्राच्या बाजूचे दोन सदस्य अजून नाराज आहेत आणि त्यांचे म्हणणे मी डावलणार नाही. त्यांनी गावातल्या बँडपथकाची वाद्ये घेऊन तासाभराचा गाण्यांचा कार्यक्रम बसवावा, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आहे.

एकच प्रश्न अनिर्णित आहे. गोंधळ शेवटी ठेवला तर तो दहाच्या आत पूर्ण होईल का, आणि संबळ दादांच्या घरच्यांना तो क्रम चालेल का?

संबळ

वडिलांना विचारले. शेवटचा क्रम चालेल, पण नऊला पाच मिनिटे कमी असताना मंच आमच्या ताब्यात द्या, म्हणजे पावणेदहापर्यंत आख्यान पुरे होऊन आरतीला वेळ राहील. शेगडी मंचाच्या डाव्या बाजूला, वाऱ्याची दिशा पाहून ठेवा. आम्ही पाच जण असू आणि दुपारी साडेतीनला पोहोचू.